वाद, जल्प आणि वितंडा
(सभेत बोलावे कसे, याविषयी एक पाठ)

आपल्या मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेस जे सभासद उपस्थित होते, त्यांना त्या दिवशीची वादावादी आठवत असेलच. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात हकीकत सांगणे अवश्य आहे. कारण प्रस्तुत लेखाचा उगम त्या सभेतच आहे, आणि त्या सभेत जो दोष घडला त्यातील मोठा वाटा आमचा स्वतःचा आहे.

विषय आपल्या या पत्राचा होता. कापडाच्या व्यवसायात सारे आयुष्य घालविलेले आपले एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, ‘‘माझ्या घरी हे पत्र नेमाने येते आणि देवघराच्या फळीवर झोपून राहते. नातवंडे हिंदी शाळेत शिकतात. त्यांना मराठी येत नाही. पत्रात हिंदी आली पाहिजे.’’ त्यांचे वाक्य पुरे होते न होते तोच आम्ही उभे राहिलो आणि विचारले, ‘‘काका, नातवंडांना पुरणपोळी आवडत नाही, नूडल्स आवडतात. मग उद्यापासून देवाला नैवेद्यही नूडल्सचाच दाखवायचा काय?’’ सभेत मोठा हशा पिकला. कोणी टाळ्याही वाजविल्या. काका क्षणभर उभे राहिले, मग खाली बसले, आणि सभा संपेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. ठराव मतास न टाकताच बारगळला. त्यानंतर सायंकाळच्या आरतीस काका दिसले नाहीत.

त्या रात्री आमच्या तीर्थरूपांनी विचारले, ‘‘जिंकलास म्हणे?’’ आम्ही हो म्हटले. ‘‘कशाने जिंकलास?’’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता येईना. तेव्हा त्यांनी कपाटातून न्यायसूत्रांची जुनी, शिवण सुटलेली प्रत काढून पुढे ठेविली. आम्ही शाळेपुरतेच शिकलेलो. संस्कृत आम्हांस नित्यपूजेपुरते येते. तथापि वडिलांच्या साह्याने महिनाभर रोज थोडे थोडे वाचून जे हाती लागले, ते वाचकांपुढे मांडीत आहोत.

न्यायशास्त्राचे प्रवर्तक गौतम, ज्यांस अक्षपाद असेही म्हणतात, त्यांनी ग्रंथाच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थ गणले आहेत. पदार्थ म्हणजे जाणून घ्यावयाचे विषय. त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्याबरोबरीने वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाती आणि निग्रहस्थान यांस स्थान दिलेले आहे. सभेत माणसे कशी बोलतात आणि कशी घसरतात, हा विषय आपल्या पूर्वजांना मोक्षशास्त्राच्या आरंभीच घेण्याइतका महत्त्वाचा वाटला, ही गोष्ट आम्हांस प्रथम आश्चर्याची वाटली. आता वाटत नाही.

बोलणे तीन प्रकारचे. तत्त्व काय आहे हे जाणण्याच्या इच्छेने दोघे परस्परांचे म्हणणे प्रमाणांनी आणि तर्काने पारखतात, तो वाद. जेथे जिंकणे हाच हेतू असतो आणि त्यासाठी छलादी युक्त्याही वापरल्या जातात, तो जल्प. आणि जेथे स्वतःचा काही पक्षच न मांडता केवळ समोरच्याचा पक्ष मोडावयाचा असतो, ती वितंडा. आपल्या बोलीत ‘वितंडवाद’ हा शब्द रुळला आहे. शास्त्राच्या दृष्टीने तो चमत्कारिकच म्हणावयाचा, कारण जी वितंडा आहे ती वाद नव्हे. वैद्यकशास्त्रातही असाच भेद केलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी परस्परांशी चर्चा कशी करावी हे सांगताना संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार मानले आहेत. पहिली स्नेहाने, दुसरी झुंजीने. रोग्याचा जीव ज्यांच्या बोलण्यावर अवलंबून, त्यांनाही हा विवेक शिकवावा लागत होता.

आमची नूडल्सची कोटी या तिहींपैकी कशात बसते? आम्ही आमचा पक्ष मांडला होता काय? मुळीच नाही. पत्र मराठीतच का असावे, याचे एकही कारण आम्ही दिले नव्हते. तेव्हा ती वितंडा झाली. आणि ज्या साधनाने ती केली ते साधन कोणते, हे समजण्यासाठी अनुमानाचे पाच अवयव ध्यानी घेतले पाहिजेत.

खंडव्याच्या रस्त्याने जाताना असीरगडाच्या डोंगराकडे पाहून कोणी म्हणाला, ‘‘डोंगरावर अग्नी आहे,’’ तर ही त्याची प्रतिज्ञा. ‘‘कारण तेथे धूर दिसतो,’’ हा हेतू. ‘‘जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसा होळीच्या ठिकाणी,’’ हे उदाहरण. ‘‘या डोंगरावरही तसाच धूर आहे,’’ हा उपनय. ‘‘म्हणून तेथे अग्नी आहे,’’ हे निगमन. पावसाळ्यात गडावर ढग उतरतात; त्यांसच कोणी धूर समजला तर पाचही वाक्ये ऐटीत म्हणून तो चुकलेलाच असतो, कारण त्याचा हेतूच सिद्ध नाही. परंतु साऱ्या युक्तिवादाचा जीव आम्हांस उदाहरणात दिसतो. उदाहरणात जो दृष्टांत द्यावयाचा त्याविषयी गौतमांची अट अशी की, सामान्य मनुष्य आणि परीक्षक या दोघांचेही ज्याविषयी एकमत आहे, तोच दृष्टांत होय. होळीत धूर आणि अग्नी एकत्र असतात याविषयी पंडिताचा व पोराचा मतभेद नाही. म्हणून होळी हा दृष्टांत चालतो.

आता आमचा दृष्टांत पाहा. नैवेद्य देवासाठी असतो. काय आणावे हे भक्ताच्या आवडीवर नाही. पत्र मात्र वाचकासाठी असते. वाचकास जे कळत नाही ते छापून काय साधणार, हाच तर काकांचा प्रश्न होता. ज्या एका अंगाने दोन्ही गोष्टी सारख्या असावयास हव्या होत्या, नेमक्या त्याच अंगाने त्या परस्परविरुद्ध होत्या. वरवरचे साम्य पुढे करून जे खोटे उत्तर दिले जाते त्यास न्यायशास्त्रात जाती म्हणतात, आणि तिचे चोवीस प्रकार सांगितले आहेत. चोवीस प्रकारांची नावे देऊन आम्ही वाचकांना शिणवीत नाही. त्यांतील साधर्म्यसमा हा पहिलाच प्रकार आमच्या माथी बसतो, एवढे पुरे आहे. हशा पिकला म्हणून ते उत्तर होते असे सर्वांस वाटले. हसणाऱ्या सभेला दृष्टांत तपासण्यास सवड नसते.

त्या सभेत आम्ही एकटेच घसरलो असे मात्र नाही. काका म्हणाले, ‘‘मुलांना मराठी येत नाही.’’ यावर एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘‘येत नाही कशी? माझी नात घरात मराठीच बोलते!’’ काकांचा आशय वाचता येत नाही असा होता, हे मूलही समजेल. शब्दाचा वक्त्यास अभिप्रेत नसलेला अर्थ घेऊन त्यास खोडून काढणे याचे नाव वाक्छल. याचे शास्त्रातील जुने उदाहरण मोठे गमतीचे आहे आणि मराठीतही ते जसेच्या तसे उतरते. एकाने म्हटले, हा मुलगा नवकंबल आहे. म्हणजे याची घोंगडी नवी आहे. दुसरा म्हणतो, याच्याजवळ नऊ घोंगड्या कोठे आहेत? एकच तर दिसते! नव म्हणजे नवे आणि नव म्हणजे नऊ. एवढ्या फटीतून छल आत शिरतो.

दुसरे एक तरुण सभासद म्हणाले, ‘‘पत्र कागदाचे असते, ते झोपेल कसे?’’ हा उपचारछल. मनुष्य लक्षणेने बोलला असता त्याचे बोलणे अक्षरशः घ्यावयाचे. ‘बुऱ्हाणपूर तापीवर वसले आहे’ असे आपण रोज म्हणतो. शहर पाण्यावर तरंगत आहे असे कोणी समजत नाही. तापीवर म्हणजे तापीच्या तीरावर. अलंकारशास्त्रात लक्षणेचे जे प्रसिद्ध उदाहरण आहे त्यात गंगेवरील गवळीवाडा आहे. आम्हांस आमची तापी पुरते.

येथे आम्हांस एक शंका आली आणि ती आम्ही वडिलांना विचारली. शब्दाचा दुसराच अर्थ घेऊन उत्तर देणे हे तर काव्यात भूषण मानले आहे! वक्रोक्ती नावाचा अलंकार आहे. रुद्रटाने त्याचे श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती असे दोन भेद केले आहेत. पहिल्यात शब्दाचे दोन अर्थ असतात. दुसऱ्यात केवळ स्वर पालटल्याने ‘होय’चा ‘नाही’ होतो. शिवपार्वतींच्या थट्टेचे कितीतरी श्लोक असेच रचलेले आहेत आणि ते ऐकून आपण प्रसन्न होतो. मग जे काव्यात अलंकार, तेच सभेत छल कसे? वडिलांनी उत्तर दिले ते असे, ‘‘अरे, पार्वतीला माहीत असते की ही थट्टा आहे. थट्टेत दोघेही हसतात. तुझ्या सभेत काका हसले होते काय?’’

आम्हांस या विषयाचे मर्म येथे सापडले. युक्ती तीच असते. तिला भूषण म्हणावे की दूषण, हे आपण कशासाठी बोलत आहोत यावरून ठरते. एवढेच नव्हे तर गौतमांनी जल्प आणि वितंडा यांनाही सर्वथा टाकाऊ म्हटलेले नाही. कोवळ्या अंकुराभोवती काट्यांचे कुंपण घालतात तसा त्यांचा उपयोग तत्त्वाच्या रक्षणासाठी होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्याकडे कोवळ्या रोपांभोवती बोरीबाभळीचे काटे लावतात ते गुरांसाठी. घरच्या माणसाच्या वाटेत कोणी काटे पसरीत नाही. काका हे घरचे माणूस होते.

सभेतील तिसरा दोष ध्वनिवर्धकाच्या हिशेबाचा. भाषेविषयी बोलणे चालले असता एकाने मध्येच गतवर्षीच्या ध्वनिवर्धकाचे बिल काढले. प्रस्तुत विषय सोडून भलत्याच गोष्टीवर जाणे हे अर्थांतर नावाचे निग्रहस्थान होय. अशी बावीस निग्रहस्थाने, म्हणजे पराभव मानण्याच्या जागा, सांगितल्या आहेत. प्राचीन सभेत असे करणारा तेथेच हरला. आमच्या सभेत त्या बिलावर वीस मिनिटे गेली.

मग काकांचे म्हणणे निर्दोष होते काय? तेही नव्हते. मराठीत आहे म्हणून मुले वाचत नाहीत, असा त्यांचा हेतू. परंतु त्याच घरी हिंदी दैनिक येते, तेही मुले उघडत नाहीत. तेव्हा हेतू साध्यास सोडून इतरत्रही भटकतो. यास सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. शिवाय एका घरावरून सर्व घरांचे अनुमान त्यांनी केले. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, संस्कृतात यास स्थालीपुलाकन्याय म्हणतात. पण तो न्याय लागू पडतो कारण सारी शिते एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. आपल्या मंडळातील मुले एका भांड्यातील नाहीत. कोणी रावेर-जळगावकडील आजोळी जाऊन मराठी वाचावयास शिकतो, कोणाचे आजोळही हिंदी मुलखातच आहे. हे उत्तर आम्ही त्या दिवशी देऊ शकलो असतो. ते उत्तर खरे होते, सभ्य होते, आणि त्यावर काकांना पुढे बोलताही आले असते. आम्हांस सुचले नाही, कारण आम्ही ऐकतच नव्हतो.

दृष्टांताची ही परंपरा संस्कृतापुरती नाही. मराठीचा तर जन्मच दृष्टांताच्या मांडीवर झाला म्हणावयास हरकत नाही. महानुभाव पंथात चक्रधरस्वामींचे दृष्टांत केशिराजबासांनी संकलित केले, तो ‘दृष्टांतपाठ’ मराठी गद्यातील अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी आहे. त्यात ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन भागांची आहे. आधी सिद्धांत, मग गोष्ट, आणि मग गोष्टीतील कोणती बाजू सिद्धांताच्या कोणत्या बाजूस लागते त्याचा खुलासा. जन्मांध आणि हत्ती यांची सर्वश्रुत गोष्ट त्यात आहे. दार्ष्टांतिक जोडण्याची ही शिस्त आम्हांस फार मोलाची वाटते. आमच्या नैवेद्याच्या कोटीस दार्ष्टांतिक जोडावयास कोणी सांगितले असते तर आम्ही तेथेच अडखळलो असतो. कीर्तनातही हेच आहे. बुवा पूर्वरंगात सिद्धांत मांडतात, उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान रंगले पण पूर्वरंगाशी जुळले नाही तर जाणते श्रोते घरी जाताना कुजबुजतातच.

वादाचा आदर्श म्हणून शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. ती आपल्याच मुलखाची, असे निमाडात आपण अभिमानाने सांगतो, कारण मंडनमिश्रांचे माहिष्मती म्हणजे नर्मदातीरीचे महेश्वर असे पुष्कळ लोक मानतात. मिथिलेचे लोक तो मान आपल्याकडील महिषी गावास देतात. तो तंटा आम्ही येथे उकरीत नाही. माधवाच्या नावावर असलेल्या शंकरदिग्विजयात ही कथा विस्ताराने आहे. मंडनांच्या दारातील पोपटही प्रमाण स्वतःसिद्ध की परतःसिद्ध यावर वाद घालीत, असे त्यात वर्णन आहे. वादाची पंच म्हणून मंडनांची पत्नी उभयभारती नेमली गेली. तिने दोघांच्याही गळ्यात फुलांची माळ घातली आणि ज्याची माळ कोमेजेल तो हरला असे ठरविले. पराभूताने दुसऱ्याचा आश्रम स्वीकारावयाचा असा पण होता; म्हणजे डावावर दोघांचेही सबंध आयुष्य होते. माळ का कोमेजते याचा अर्थ सांगणारे असे सांगतात की, ज्याचा पक्ष ढळू लागतो त्याच्या अंगी संताप चढतो आणि त्या ऊष्म्याने फुले सुकतात. आम्हांस या कथेतील आणखी एक गोष्ट विलक्षण वाटते. पंच एका पक्षाची धर्मपत्नी होती, आणि दुसऱ्या पक्षाने तिला आनंदाने मान्य केले.

असे वाद ज्या पद्धतीने चालत तिचे पहिले पाऊल पूर्वपक्ष हे आहे. मीमांसकांच्या अधिकरणात आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, आणि तो मांडून झाल्यावरच सिद्धांत येतो. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि ते आपण स्वतः मांडावयाचे, तेही असे की प्रतिपक्षानेच मान डोलवावी. मोठ्या भाष्यकारांचे पूर्वपक्ष वाचताना नवशिक्याला कित्येकदा वाटते की हाच सिद्धांत असावा. आमचा तसा गोंधळ एकदा नव्हे, अनेकदा झाला आणि वडिलांनी पान उलटावयास लावले.

तेव्हा आम्ही ठरविले की काकांचा पूर्वपक्ष आपण मांडून पाहावा. चार दिवस तो लिहीत होतो. लिहू लागलो तसतसे त्यांच्या बाजूने बळ वाढू लागले. दिनांक १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, मराठी विदर्भ जुन्या मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला आणि आपण येथे राहिलो. तेव्हापासून आपल्या मुलांची शाळा हिंदीच आहे. आम्ही स्वतः हिंदी शाळेतच शिकलो. मराठी वाचावयास आम्हांस घरी बसवून शिकविले म्हणून आले. ज्या घरी शिकविणारा नाही तेथील मुलाचा काय दोष? मग अरुंधतीदर्शनन्याय आठवला. लग्नात वधूवरांना अरुंधतीची अंधुक तारका दाखविताना आधी शेजारचा ठळक तारा दाखवितात आणि तेथून दृष्टी हळूच सरकवितात. हिंदी हा तो ठळक तारा असेल, आणि तिच्याशेजारी मराठी छापलेली असेल, तर मुलाची दृष्टी तिकडे सरकणार नाही कशावरून?

आणि सर्वांत बळकट दृष्टांत तर आपल्या शहराच्या मध्यभागी दगडात कोरलेला आहे. फारुकी राजा आदिलशहाने बांधविलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. सृष्टिकर्त्यास नमन करून त्यात राजांची वंशावळ दिली आहे आणि काळ आपल्या पंचांगाच्या रीतीने, विक्रम संवत १६४६ व शके १५११ असा नोंदविला आहे. इंग्रजी सन १५९० चा. राजाला आपला धर्म सोडावा लागला नाही, अरबी लेखही पुसावा लागला नाही. शहरात संवत्-शकांनी काळ मोजणारी प्रजा आहे, एवढे त्याने ध्यानात ठेविले. या दृष्टांतास दार्ष्टांतिक जोडताना आम्हांस कोठेही अडखळावे लागले नाही.

पूर्वपक्षाचा कागद खिशात घालून एका सायंकाळी आम्ही काकांच्या घरी गेलो. दारापर्यंत गेलो खरे, पण आरंभ कसा करावा ते कळेना. तापीच्याच काठी, खाली पूर्णेच्या संगमाजवळ ज्यांचे देऊळ आहे त्या चांगदेवांची गोष्ट आठवली. ज्ञानेश्वर वयाने लहान, अधिकाराने थोर. मायना आशीर्वादाचा लिहावा की नमस्काराचा हे न ठरल्याने त्यांनी कोरेच पत्र पाठविले, आणि उत्तरादाखल त्यांना पासष्ट ओव्या मिळाल्या, असे परंपरा सांगते. आमच्या बाबतीत तसा संशयही नव्हता. आम्ही आत जाऊन नमस्कार केला आणि सरळ क्षमा मागितली. काकांनी बसावयास सांगितले, चहा मागविला. मग आम्ही कागद वाचून दाखविला.

काका शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते. मशिदीच्या शिलालेखाचे वाचताना त्यांनी चष्मा काढून पुसला. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘‘बाळ, मलाही इतके नीट मांडता आले नसते. पण एक चुकले आहे तुझे.’’ आम्ही विचारले, ‘‘काय चुकले, काका?’’ ते म्हणाले, ‘‘पत्र हिंदीत करा असे तू लिहिले आहेस. ते मी म्हटलेच नव्हते. माझे वाक्य पुरे तरी कोठे झाले होते?’’

म्हणजे ज्या प्रतिज्ञेचे खंडन करून आम्ही टाळ्या मिळविल्या, आणि जिचे मंडन करण्यात आम्ही चार दिवस घालविले, ती प्रतिज्ञाच आम्ही ऐकलेली नव्हती. न्यायशास्त्राचे पुस्तक पुन्हा उघडून यास काय नाव आहे ते आम्ही शोधले. समोरच्याचे म्हणणे न समजताच बोलणे याला अज्ञान नावाचे निग्रहस्थान म्हणतात. बावीसांतील ते एक आहे.

काकांच्या अनुज्ञेने त्यांचा ठराव आम्ही त्यांच्याच शब्दांत येथे देत आहोत. कोजागिरीनंतरच्या सभेत तो पुन्हा यावयाचा आहे. आमचे मत अद्याप पुरते बनलेले नाही आणि ते तेथेच सांगू. ठराव असा : ‘‘पत्र आहे तसेच मराठीत राहावे. शेवटची दोन पाने मुलांसाठी ठेवावीत. त्यांवर दर अंकी एक आरती किंवा एक अभंग मोठ्या अक्षरांत मराठीत छापावा आणि समोरच्या पानावर त्याचा अर्थ सोप्या हिंदीत द्यावा. माझ्या नातवाने मला विचारले की आपण रोज काय म्हणतो, आणि त्याला कळेल असे मला सांगता आले नाही.’’